मदत हवी आहे: नेपाळले ट्रेननं जावं का विमानानं? लवकर सांगा

कपाशीवाला_भाऊ: मायले घेऊन नेपाळले जाचं हाय. कोणी म्हणते ट्रेन, कोणी म्हणते विमान, इकडचा एक ट्रॅव्हल्सवाला म्हणते बसनं चला, 14 दिवसाची टूर हाय. मले कमी त्रासाचं अन् परवडन असं पाह्यजे. दोन दिवसात ठरवाचं हाय, पटकन सांगा.

नागपुरी_संत्रा: कुठून निघणार? किती जण? कधी? नेपाळ म्हणजे काठमांडू का?

उडता_प्रवासी: विचार कसला करता, विमानच. नागपूर-दिल्ली, दिल्ली-काठमांडू, पुढचं विमान दोन तासाच्या आतबाहेर. नागपूरहून डायरेक्ट नाही. आम्ही मागच्या वर्षी पशुपतिनाथ केलं, संध्याकाळची आरती बघाच.

कपाशीवाला_भाऊ: काठमांडू नाही हो, लुंबिनी! मायची लय वर्षाची इच्छा हाय, बुद्ध जन्मले तिथं डोकं टेकवाचं. दारव्ह्याजवळचे आम्ही, दोघंच, दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा झाला की.

रूळ_आणि_मी: मग काठमांडू डोक्यातून काढा. तिथून परत लुंबिनीला यायचं म्हणजे रस्त्यानं अख्खा दिवस, घाट वेगळा. लुंबिनी तराईत आहे, सपाट, भारताच्या बॉर्डरला लागून. नागपूरहून राप्तीसागर एक्स्प्रेस पकडा, गोरखपूरला उतरा, रोज नसते म्हणून वार बघून घ्या. गोरखपूरहून सोनौली बसनं तीनेक तास, बॉर्डर पायी ओलांडायची, पलीकडे भैरहवा, तिथून लुंबिनी 25 किमीच्या आसपास. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा.

उडता_प्रवासी: वयस्कर बाईला ट्रेनमध्ये एवढा वेळ बसवता? दिल्लीहून गोरखपूरला पण विमान आहे.

रूळ_आणि_मी: बसवत नाही, झोपवतो. 45 वरच्या बायकांना लोअर बर्थचा कोटा आहे. दिल्लीच्या एअरपोर्टवर गुडघेवाल्या माणसाला किती चालावं लागतं ते पण सांगा ना.

कपाशीवाला_भाऊ: गुडघा हायच तिचा. सांगाचं राहून गेलं.

शकुंतलेचा_मुलगा: दारव्हा म्हटलं की मला आमची छोटी रेल्वेगाडी शकुंतलाच आठवते, ती चालू असती तर घरून मूर्तिजापूर, मूर्तिजापूरहून भुसावळ, आणि तिथून रोजची कुशीनगर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला. आमच्या वडिलांनी त्या गाडीत आयुष्य काढलं, आता रुळावर गवत आहे, कोणाला काही पडलेलं नाही.

बोलेरोवाला: गाडी असेल तर स्वतःची न्या. बॉर्डरवर भन्सार, म्हणजे नेपाळचं सीमाशुल्क, भरायचा, गाडीचे कागद सोबत ठेवायचे, झालं. मी गेलो होतो चार मित्रांसोबत.

नागपुरी_संत्रा: दादा, गाडी आहे असं ते कुठं म्हणाले? भाऊ, कागदपत्रांचं बोला आधी. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्ड, तेही ओरिजिनल. माय किती वर्षांच्या?

कपाशीवाला_भाऊ: 62. आधार हाय न.

नागपुरी_संत्रा: तिथंच अडतं. आधार 15 च्या आतल्यांना आणि 65 च्या वरच्यांना चालतं, मधल्यांना नाही.

बोलेरोवाला: आमचं कोणी काहीच बघितलं नव्हतं, सरळ निघून गेलो.

नागपुरी_संत्रा: तुमचं नसेल बघितलं. आमच्या गटातल्या एका मावशीला गेटवरूनच परत पाठवलं, दोघी बहिणी दिवसभर सोनौलीत बसून होत्या. एवढ्या लांब नेऊन मायला तसं बसवायचं का? आणि 100 च्या नोटा जास्त ठेवा, आपल्या 100 चे तिकडचे 160 होतात.

कपाशीवाला_भाऊ: मायच्या पेटीतून व्होटर कार्ड काढलं आत्ता. फोटो तिचाच हाय पण आडनाव माहेरचं, आधारवर सासरचं. आता कसं?

नागपुरी_संत्रा: व्होटर कार्ड दुरुस्तीचा फॉर्म 8 भरा, ऑनलाइन पण होतो, नाहीतर गावातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघतात ते) द्या. नवीन कार्ड हातात यायला वेळ जातो, म्हणून आजच.

कपाशीवाला_भाऊ: बीएलओ म्हणजे आमच्या शाळेतल्या मॅडमच हाय. सकाळी मायले घेऊनच जातो. ट्रेनच पाहतो मंग, राप्तीसागरचे वार कोणी टाकून देता का इथं?