मदत हवी आहे: फ्लोरिडातील सरकारी शाळेचे व्हर्च्युअल शिक्षण फोंड्यातून सुरू ठेवता येईल का?

नमस्कार. माझी बहीण फ्लोरिडात राहते आणि तिचा मुलगा तिथल्या सरकारी शाळेत सहावीत आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी ती दोघे ऑक्टोबरपासून काही महिने फोंड्याला आमच्याकडे राहणार आहेत. तेवढ्या काळासाठी त्याला शाळा जिल्ह्याच्या (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या) व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन वर्गात घालावे, असा विचार चालू आहे.

फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल ही राज्याची ऑनलाइन सरकारी शाळा १९९७ पासून चालते आणि जिल्ह्यांचेही स्वतःचे असे वर्ग असतात, एवढे ठाऊक आहे. मात्र विद्यार्थी राज्याचा रहिवासी असावा लागतो आणि राज्याच्या परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. मग परदेशातील तात्पुरता मुक्काम चालतो का, की नाव कमी होते?

दुसरी अडचण वेळेची आहे. तिथे सकाळी साडेआठला सुरू होणारा वर्ग आपल्याकडे संध्याकाळी सहाला, आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे गेल्यावर सातला सुरू होईल. अकरा वर्षांच्या मुलाला मध्यरात्रीपर्यंत संगणकासमोर बसवणे मला तरी पटत नाही. त्यामुळे थेट तासांना हजेरी सक्तीची असते, की ध्वनिचित्रित पाठ पाहून दिलेला अभ्यास वेळेत पूर्ण केला तरी ती धरली जाते, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? शाळेने दिलेला लॅपटॉप भारतातून उघडतो का, हेही कळल्यास बरे होईल, कारण नाही तर इथे वेगळा घ्यावा लागेल.