अनुभव धागा: सिस्टरांनी नेमके काय केले?

परिचारिकांविषयी लिहायला बसले की ‘प्रेमळ’, ‘हसतमुख’, ‘देवासारख्या’ ही विशेषणे चटकन सुचतात. परंतु त्यांच्या कोणत्या कृतीमुळे आपली काळजी घेतली जात आहे असे वाटले, हे क्वचितच कोणी सांगते. या धाग्यात तेवढेच लिहावे, ही विनंती. चांगल्या अनुभवांइतकेच खटकलेले अनुभवही हवे आहेत. रुग्णालयांची आणि व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

एक रुग्ण:
पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर शून्य ते दहाच्या मापात वेदना किती आहे, असे मला दर पाळीला विचारले जाई. कुरकुऱ्या रुग्णांत गणना होऊ नये म्हणून मी ‘तीन’ असे ठोकून देत असे. रात्रपाळीच्या सिस्टरांनी आकडा लिहून घेतला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आता जरा खोकून दाखवा.” मला खोकता येईना. वेदनेच्या भीतीने खोल श्वास घेतला नाही आणि खोकला दाबून ठेवला, तर छातीत कफ साचून न्यूमोनियाचा धोका वाढतो, त्यामुळे वेदनाशामक घेण्यात नाजूकपणा कसला, असे त्यांनी शांतपणे समजावले. डॉक्टरांना विचारून औषध दिले आणि त्याचा परिणाम होईपर्यंत थांबून, उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरत कसे खोकायचे, हे माझ्याकडून करवून घेतले. त्या एकही गोड शब्द बोलल्या नाहीत.

अतिदक्षता विभागातील परिचारिका:
व्हेंटिलेटरवरच्या, गुंगीत असलेल्या रुग्णाशी मी बोलत राहते. “आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतो आहोत”, “नळीतला कफ काढते, ठसका लागेल”, असे प्रत्येक कृतीपूर्वी सांगते. नव्या सहकाऱ्यांना याचे नवल वाटते, परंतु गुंगीतल्या रुग्णाला काहीच ऐकू येत नाही असे आपण गृहीत धरू शकत नाही, आणि शुद्धीवर आल्यावर तेव्हाचे आवाज आठवतात असे सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तक्रार करू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत काळजी म्हणजे मुख्यतः बारकाईने पाहणे: टाचा, माकडहाड, नळी बांधलेल्या पट्टीखालची त्वचा, कोरडे पडलेले ओठ, अर्धवट उघडे राहणारे डोळे. कूस वेळच्या वेळी बदलली नाही, तर दाबाखालच्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी होऊन जखम होते, आणि ती भरून यायला कधीकधी मूळ आजारापेक्षा जास्त काळ जातो. रुग्ण जागा होऊ लागला की मी त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र आधी शोधते. दिवस आहे की रात्र हे त्याला कळले, समोरचा माणूस नीट दिसला, तर भ्रमिष्टपणा आटोक्यात राहायला मदत होते.

एका रुग्णाचा मुलगा:
माझ्या वडिलांना एक परिचारिका लहान मुलाशी बोलावे तसे बोलत असे: “चला, शहाण्या बाळासारखे औषध घ्या पाहू!” हेतू चांगलाच होता. वडील मात्र भिंतीकडे तोंड करून पडत. दुसऱ्या पाळीच्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी विचारले, “तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?” वडिलांनी आडनाव सांगितले आणि औषधही घेतले.

परिचर्या शिकवणारी एक शिक्षिका:
परिचर्येचे सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी हिल्डेगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यालाच उपचाराच्या केंद्रस्थानी ठेवले, तर जीन वॉटसन यांनी १९७९ मध्ये काळजीचे शास्त्र मांडले. विद्यार्थ्यांना मात्र मी याच क्षेत्रातील डोरोथिया ओरेम यांच्या विचारापासून सुरुवात करायला लावते: रुग्णाला जे स्वतः करता येत नाही, तेवढ्यापुरता हात द्यावा. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन पोटावर मल गोळा करणारी पिशवी लावलेला रुग्ण सुरुवातीला तिच्याकडे पाहतही नाही. तिथे विद्यार्थिनी सगळे झटपट उरकून मोकळी होते, आणि रुग्णही तिला दुवा देतो. पण घरी गेल्यावर ती पिशवी कोण बदलणार? म्हणून आधी त्याने नुसते पाहावे, मग चिकटपट्टी सोडवावी, मग स्वतः बदलावी, आणि तोवर परिचारिकेने हात आवरून शेजारी उभे राहावे, हे शिकवायला मला फार कष्ट पडतात.

सर्वसाधारण वॉर्डातील परिचारिका:
वरील अनुभव आवडले, तरी एक मुद्दा राहून जातो आहे. काळजीला वेळ लागतो, आणि तो पाळीवर किती जणी आहेत यावर ठरतो. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात आढळली. औषधांच्या वेळा आम्ही कशाबशा सांभाळतो; परंतु रुग्णाशेजारी बसून त्याचे ऐकून घेणे कोणत्याही तक्त्यात नोंदवले जात नाही, म्हणून माणसे कमी पडली की आधी तेच गळते. तेव्हा ‘सिस्टर नीट बोलल्या नाहीत’ अशी तक्रार जरूर लिहावी. फक्त त्या पाळीला वॉर्डात किती परिचारिका होत्या, हेही विचारून त्याच कागदावर लिहावे.