मदत हवी आहे : बहिरी ससाण्याची जोडी पेटीवर बसते, पेटीत अंडी घालत नाही

टेकडीपलीकडे
लवकर सांगा, विणीचा हंगाम तोंडावर आलाय. इमारतीच्या वरच्या कठड्याला बहिरी ससाण्यासाठी पेटी लावली आहे. जोडी रोज येते. नर पेटीच्या छपरावर बसून कबुतर सोलतो, खाली नुसता पिसांचा सडा. पण मादी आत पाऊल टाकत नाही. गेल्या खेपेला अंडी कड्यावरच घातली. पेटी जाड प्लायची, आतून चकाचक, धुळीचा कण नाही. रंगाचा वास येत असेल का? ज्यांच्या पेटीत ससाणे आले आहेत त्यांनीच लिहा. "निसर्गाला त्याचं काम करू द्या" हे ऐकून झालंय.

खारूताई
उंची किती? तोंड कुठल्या दिशेला? कडा किती लांब? आणि हा बहिरीच ना? शिक्र्याला बहिरी म्हणणारे इथे दर महिन्याला एक तरी येतात.

टेकडीपलीकडे
शिक्रा नाही हो. गालावर जाड काळी मिशी आहे, पंख टोकदार. उंची भरपूर. तोंड पश्चिमेला. कडा जवळच, त्याच जोडीच्या हद्दीत. आता उत्तर द्या.

नुसताच_वाचक
कबुतरांचा त्रास असेल तर जाळी मारून घ्या. आम्ही मारली, प्रश्न मिटला.

अण्णा_दुर्बीणवाले
"धुळीचा कण नाही" तिथेच सगळं अडलंय. ससाणा काडी आणत नाही, घरटं बांधत नाही. मादी छाती टेकून, पायांनी माती मागे सारत एक उथळ खळगा करते आणि त्यात तीन-चार अंडी घालते. गुळगुळीत प्लायवर ती काय उकरणार? अंडी तिथे घरंगळतातच. वाटाण्याएवढी गोल खडी चार बोटं जाडीने पसरा. फोडलेली धारदार खडी नको. तळाला पाणी जायला भोकं, पुढे खडी सांडू नये म्हणून आडवी पट्टी. आणि पश्चिमेचं ऊन पिल्लांना भाजून काढतं, तोंड फिरवा.

भटकी_मैना
ऐकून झालंय म्हणालात तरी लिहिते. कडा आहे, जोडी तिथे वीण करते, मग पेटीचा अट्टहास कशाला? कड्यावरची चांगली कपार पिढ्यान् पिढ्या वापरली जाते. पेट्या ही माणसाची हौस आहे, कॅमेरा लावायला सोयीची.

अण्णा_दुर्बीणवाले
हौस? १९६०च्या दशकात डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन पूर्व अमेरिकेत वीण करणारी एक जोडी उरली नव्हती. पक्षीतज्ज्ञ टॉम केड यांनी १९७० साली पेरेग्रिन फंड ही ससाणे वाचवणारी संस्था सुरू केली आणि पाळीव जोड्यांची पिल्लं सोडायला घेतली. कड्यांवर सोडलेली पिल्लं मोठी शिंगळी घुबडं उचलून न्यायची, म्हणून मनोरे आणि शहरातल्या इमारती धराव्या लागल्या. १९९९ साली हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या यादीतून बाहेर आला, त्यात पेट्यांचा वाटा आहेच. कॅनडातल्या माँट्रियलच्या सन लाइफ इमारतीवरची जोडी तर या सगळ्याच्याही आधीची. नुसत्या कठड्यावर अंडी टिकेनात, खडी घातलेली पेटी ठेवल्यावर पिल्लं उडाली.

भटकी_मैना
तिथे कड्यांवर कोणी उरलंच नव्हतं. इथे कडा भरलेला आहे. दोन्हीची सरमिसळ नको.

कपारीतला
दोघांनी एक गोष्ट सोडली. पिल्लू जशा जागी वाढतं तशीच जागा पुढे शोधण्याकडे त्याचा कल असतो. जर्मनीत झाडांवर वीण करणारे बहिरी संपले होते, तेव्हा पिल्लं मुद्दाम झाडांवरून सोडली, आणि त्यातली काही पुढे झाडांवर आली. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या कड्यांसाठी ससाणे वाढवून सोडणाऱ्या बॉब अँडरसन यांनी पिल्लं दगड लावलेल्या पेट्यांतून सोडली होती. हा नियम नव्हे, कल आहे. कड्यावरचे पक्षी इमारतीवर गेल्याचीही उदाहरणं आहेत. तुमच्या मादीच्या पायात ओळखीसाठी घातलेलं कडं आहे का? असेल तर ती कुठे वाढली ते कळेल.

गच्चीतली_बाग
अवांतर: चिमण्यांच्या पेटीला भोक किती ठेवावं?

कपारीतला
३२ मिमी. वेगळा धागा काढा ना.

टेकडीपलीकडे
कडं नाही. आणि मैनाताई, हौस नाही ही. तो कडा म्हणजे बंद पडलेली दगडखाण आहे आणि ती पुन्हा सुरू होतेय. म्हणून घाई.

खारूताई
हे पहिल्या ओळीत लिहायचं की हो!

भटकी_मैना
मग माझा मुद्दा मागे. पण एका हंगामात पेटी पटेल यावर विसंबू नका. कित्येक पेट्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. आधी खाणवाल्यांशी बोला.

अण्णा_दुर्बीणवाले
बोलाच. ब्रिटन-आयर्लंडमध्ये चालू खाणीतही ससाणे पिल्लं वाढवतात. लांबच्या सुरुंगाची त्यांना सवय होते. कपारीच्या वर माणूस उभा राहिला की मात्र मादी उठते आणि अंडी गार पडतात. तेवढी एक भिंत सोडून दुसऱ्या बाजूने काम सुरू करायला सांगा. उबवण साधारण ३३ दिवस, पिल्लं उडायला पुढे सहा आठवडे. अडीच महिने कुठलाही शहाणा मालक थांबेल. नाही ऐकलं तर वन्यजीव खात्याकडे लेखी द्या, विणीच्या काळात घरटं मोडणं बहुतेक देशांत गुन्हा आहे.

टेकडीपलीकडे
मालक भला आहे, मुकादम नाही. बघतो. खडी उद्याच टाकू?

कपारीतला
जोडी काय करतेय त्यावर आहे. नर मादीला भक्ष्य देतोय, दोघं कपारीत शिरून वाकून-वाकून ओरडतायत, असं दिसलं तर पेटीला हात लावू नका, हंगाम संपल्यावर बघू. अजून नुसते येऊन बसत असतील तर उद्याच टाका, आणि तासाभरात खाली उतरा.

टेकडीपलीकडे
वाकताना नाही पाहिलं. पण मी सकाळचाच असतो तिथे.

कपारीतला
मग उद्या संध्याकाळीही बघा आणि परवा ठरवा. दुर्बीण खालूनच लावा, गच्चीवरून नको.