खापरीचा इतिहास २०१९च्या आधीपासून

नागपूर मेट्रोवरच्या चर्चेत एका प्रतिसादात तिची सुरुवात ७ मार्च २०१९ला, म्हणजे खापरी ते सीताबर्डीच्या उद्घाटनापासून धरली आहे. खापरी हे या मार्गाचं दक्षिणेकडचं शेवटचं स्थानक, आणि त्याच्यापुरतं सांगायचं तर गोष्ट त्याआधीची आहे. भूमिपूजन ऑगस्ट २०१४चं. पहिली चाचणी ३० सप्टेंबर २०१७ला, दसऱ्याच्या दिवशी, याच खापरीच्या बाजूला झाली. तेव्हा नागपूरकडे स्वतःचे डबेसुद्धा नव्हते, हैदराबाद मेट्रोचे आणून गाडी चालवली. शहरातला पुलावरचा मार्ग अजून बांधून व्हायचा होता. खापरी, न्यू एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ हा तुकडा मात्र जमिनीवरचा, म्हणून तो आधी तयार झाला. शेवटच्या स्थानकाने पहिली गाडी पाहिली, ही मला या सगळ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पुढे डिसेंबर २०२२मध्ये खापरीपासून उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत पूर्ण ऑरेंज मार्गिका सुरू झाली.

आता आमच्यासारख्या, नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीपलीकडच्या खेड्यांतल्या लोकांचं. आमच्यासाठी खापरी शेवटचं नाही, पहिलं स्थानक आहे. मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पेशंट न्यायचा, कॉलेजचं काम, काहीही असो, शहर तिथून सुरू होतं. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या ४३.८ किलोमीटरमध्ये मिहान (खापरीजवळचा उद्योग प्रकल्प) ते बुटीबोरी हा मार्ग आहे, म्हणजे शेवटचं स्थानक आमच्याकडे सरकणार. ते होईस्तोवर गावाकडून येणाऱ्या एसटीच्या वेळा खापरीच्या गाड्यांशी जुळवून द्याव्यात, विशेषतः संध्याकाळच्या. परतीची एसटी चुकली की बायाबापड्यांचे फार हाल होतात जी.