इडासारखा पाऊस पुन्हा आला तर बेसमेंट कसं वाचवायचं? (न्यू जर्सी)

प्रश्न
नमस्कार मंडळी. एडिसनजवळ घर बघतोय. बेसमेंट फिनिश्ड आहे (भिंती, कार्पेट लावून राहण्याजोगं केलेलं), कोपऱ्यात एक संप पंप आहे, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. फेमाच्या (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशात घर पूरक्षेत्राबाहेर दिसतं. पण १ सप्टेंबर २०२१ ला इडा चक्रीवादळाच्या उरलेल्या भागाने जे केलं, ते पाहता नकाशावर किती विसंबायचं? घेण्याआधी काय तपासू आणि पैसे आधी कशावर घालू?

प्रतिसाद १
नकाशावर विसंबू नका. तो मुख्यतः नदी आणि समुद्राच्या पुराचा असतो; पावसाचं पाणी जागच्या जागी तुंबतं, ते त्यात दिसत नाही. इडा २९ ऑगस्टला लुईझियानाच्या किनाऱ्याला लागलं. तीन दिवसांनी इकडे पोचेपर्यंत वारा ओसरला होता, पण दमट हवा तशीच होती आणि ती वाटेतल्या फ्रंटवर (थंड आणि उबदार हवेच्या सीमेवर) चढली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला एका तासात ३.१५ इंच पाऊस झाला. आधीचा तासाचा विक्रम १.९४ इंचांचा, तोही अकराच दिवसांपूर्वी हेन्री वादळाच्या वेळचा. म्हणजे जमीन आधीच भिजलेली होती. न्यू जर्सीतल्या नुअर्कला दिवसभरात ८.४१ इंच पडला.

हजार चौरस फुटांच्या छपरावर ३.१५ इंच म्हणजे जवळपास १,९६० गॅलन पाणी, तेही तासाभरात. पन्हळीचे पाइप भिंतीलगतच सुटत असतील तर ते सगळं पायाशी मुरतं. पाइप किमान सहा फूट लांब न्या. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमिनीला सहा इंच उतार हवा. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि नेमकं हेच राहून जातं.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण आधी पाणी कुठून येईल ते ठरवा. वाटा तीन: जमिनीखालून, गटाराच्या पाइपातून उलटं, आणि खिडकी किंवा पायऱ्यांवरून. एका वाटेचा उपाय दुसरीवर चालत नाही.

जमिनीखालच्या पाण्यासाठी संप पंप. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप दहा फूट उंचीवर मिनिटाला साधारण ४० गॅलन फेकतो. तो बंद पडतो तो बहुधा दोन कारणांनी: वीज जाते, नाहीतर फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता गोळा) खड्ड्याच्या भिंतीला अडकतो. घर बघताना पाच गॅलनची बादली खड्ड्यात ओता आणि पंप सुरू होऊन आपोआप थांबतो का ते बघा. चेक व्हॉल्व्ह (फेकलेलं पाणी परत खड्ड्यात येऊ न देणारी झडप) आहे का, आणि पंप व व्हॉल्व्हमधल्या पाइपाला बारीक भोक आहे का, तेही पाहा. भोक नसेल तर हवा अडकते आणि पंप नुसता घरघरतो. बॅटरीचा दुसरा पंप हवाच, पण सतत चालला तर तो काही तासच टिकतो. विहिरीचं नसून नळाचं पाणी असेल, तर पाण्याच्या दाबावर चालणारा पंपही बसतो.

गटार उलटत असेल तर मुख्य लाइनवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे गटाराचं पाणी उलटं आलं की मिटणारी झडप. मात्र झडप बंद असताना घरात टॉयलेट किंवा वॉशिंग मशीन वापरलं, तर तुमचंच सांडपाणी बेसमेंटमध्ये वर येतं. हे घरात प्रत्येकाला सांगून ठेवा. झडपेत घाण अडकली की ती नीट मिटत नाही, म्हणून वर्षातून दोनदा साफ करा.

प्रतिसाद ३
विम्यातही हाच भेद आहे. साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर येत नाही. गटार उलटण्यासाठी वेगळं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कलम) घ्यावं लागतं. सरकारी फ्लड इन्शुरन्सची मर्यादा घराला २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,०००. पण बेसमेंटमध्ये भट्टी (घर तापवणारा फर्नेस), वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल अशा मोजक्याच गोष्टी धरतात. कार्पेट आणि फिनिश्ड भिंती नाहीत. एरवी पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस जातात. कर्जासाठी क्लोजिंगला (घराचा व्यवहार पूर्ण होताना) घेतली तर लगेच. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते. तो फॉर्म मागून घ्या.

प्रतिसाद ४
बेसमेंट भरलंच तर घाईने उपसू नका, ही चूक फार महागात पडते. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते. आतला दाब एकदम काढला की भिंत आत कोसळू शकते. बाहेरचं पाणी ओसरू द्या. मग एक फूट उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. पातळी परत चढली तर अजून वेळ झालेली नाही. वीज कंपनीने लाइन तोडल्याशिवाय पाण्यात उतरू नका. गॅसचा वास आला तर आत शिरूच नका. इडानंतर न्यू जर्सीतल्या मॅनव्हिलमध्ये घरं स्फोटाने उडाली. जनरेटर घराबाहेर, २० फूट दूर. ओलं ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे तक्ते) आणि आतलं इन्सुलेशन एक-दोन दिवसांत काढा, नाहीतर बुरशी धरते.

प्रतिसाद ५
बेसमेंटमध्ये आईवडिलांची किंवा पाहुण्यांची झोपायची सोय करणार असाल, तर बाकी सगळ्याआधी हे वाचा. इडात न्यूयॉर्क शहरात १३ जण गेले, त्यातले ११ बेसमेंटमध्ये. तीन फूट रुंद दाराबाहेर दोन फूट पाणी चढलं तर दारावर साधारण पावणेचारशे पौंड जोर येतो. बाहेर उघडणारं दार मग माणसाला ढकलवत नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या रात्री खाली कोणालाही झोपवू नका, बाहेर पडायची दुसरी वाट असली तरी. आणि फोनवरचे फ्लॅश फ्लडचे अलर्ट बंद केलेले असतील तर आजच चालू करा.