चॅसिस कापू नका, हौदा लांबवा

१९४६ च्या डॉज पॉवर वॅगन या जुन्या ट्रकची केबिन आजच्या रॅम ३५०० पिकअपच्या चॅसिसवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) बसवायची तर आधी चॅसिस कापून व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जुळवा, असा सल्ला दिला जातो; मला तो अजिबात पटत नाही. जुन्या गाडीचा व्हीलबेस १२६ इंच, सिंगल केबिन रॅमचा सुमारे १४०. फरकातले थोडे इंच बॉनेटला द्या (रॅममधलं कमिन्स कंपनीचं सरळ रांगेतलं सहा सिलिंडर इंजिन लांबलचक असतं!), उरलेले मागच्या, माल ठेवायच्या हौद्यात जिरवा. आजच्या चॅसिसचं पोलाद उच्च ताकदीचं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं नेमकी तीच ताकद घटते. शिवाय एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांची गणितं मूळ व्हीलबेसवर बेतलेली असतात. रॅमची चाकं जास्त रुंदीवर असल्यानं जुने मडगार्ड मात्र रुंद करावेच लागतील, आणि वायरिंग अख्खं त्याच रॅममधून घ्या.