फोडणीचा वास आणि मी: मळमळीचे अनुभव लिहा

गरोदरपणाचा सातवा आठवडा चालू आहे. कुकरची शिट्टी झाली तरी पोटात ढवळतं. साबा (सासूबाई) म्हणतात, "आम्ही काय दिवस काढले नाहीत?" तुमच्या पोटात काय ठरलं? घरगुती, डॉक्टरी, सगळं लिहा.

*

मला सकाळी काहीच नाही, संध्याकाळी मात्र लोकलमध्ये शिरले की सुरू. गजऱ्याचा वास, घामाचा वास, कुणाचा तरी वडापाव. एकदा ठाण्याला उतरून बाकावर बसले होते. भाजीची टोपली घेऊन बसलेल्या मावशीने लिंबू नखाने टोकरून हातात दिलं. "खाऊ नको, हुंग नुसतं." पुढचे दोन महिने पर्समध्ये लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी.

*

उशाशी साळीच्या लाह्या. डोळे उघडले की पडल्यापडल्या मूठभर चावायच्या, दहा मिनिटांनी उठायचं. रिकामं पोट सगळ्यात वाईट.

*

पहिल्या वेळी आवळा सुपारीवर भागलं, म्हणून दुसऱ्या वेळी गाफील राहिले. पाण्याचा घोटही ठरेना. ५४ किलोची साडेएकोणपन्नास झाले, लघवी दिवसातून एकदा, तीही काळ्या चहासारखी. घरात म्हणे, "मुलगी असणार, म्हणून एवढा त्रास." (झाला मुलगा.) लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळतंय याची खूण) निघाले, तीन दिवस सलाईन. याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम म्हणतात, वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं की डॉक्टर तिकडे बघतात. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये संशोधन आलं: वारेतून आणि गर्भाकडून येणारं जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक यामागे आहे, आणि आधीपासून ते कमी असलेल्या बायकांना जास्त त्रास होतो. "मनाला लावून घेतेस" म्हणणाऱ्या आत्याबाईंना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. साबा काहीही म्हणोत, पाणी ठरेनासं झालं तर त्याच दिवशी जा.

*

मला डॉक्टरांनी डॉक्सिलामिन आणि बी-६ची गोळी रात्री दिली. उलट्या आवरल्या, ऑफिसात पेंग मात्र यायची. लोहाची गोळी त्यांनीच थोडे दिवस थांबवली, फोलिक चालू ठेवली. चौदाव्या आठवड्यात एका सकाळी पोह्यांचा वास आला आणि चक्क भूक लागली!

*

नवरा लिहितोय. बायकोला माझ्याच साबणाचा वास नको झाला. अडीच महिने बेसन लावून आंघोळ केली.

*

धागाकर्ती: लाह्या आणल्या. आज ठरल्या. परवाच्या अपॉइंटमेंटला गोळीचंही विचारते. बेसनाचं नवऱ्याला सांगितलंय, तो अजून विचार करतोय.